दवाखान्यात काम करता आणि एखादी रात्र डोक्यातून जातच नाही? ट्रॉमाची थेरपी कशी घ्यायची ते सांगते

२०२२ चा एप्रिल होता, नागपूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, आणि मी घरातला कूलर बंद करून पंख्याखाली घामानं भिजत बसायची. आई विचारायची, काऊन गं, घडीघडी कूलर काऊन बंद करून राहिली? मी म्हणायची, आवाजानं डोकं दुखते. खरं कारण मलाच धड कळत नव्हतं. पंप सुरू झाला की वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी पडायचा जो आवाज येतो ना, खळखळ बुडबुड, तो मला ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायर बॉटलसारखा, म्हणजे ज्या पाण्यातून ऑक्सिजन बुडबुडत जातो त्या बाटलीसारखा ऐकू यायचा, आणि एकदा तो ऐकू आला की मी घरात नसायचीच, मी एक वर्ष मागे असायची, कोविडच्या लाटेत, आयसीयूत, पीपीईच्या आत, पहाटेचे साडेतीन वाजलेले, ऑक्सिजनच्या लाइनचं प्रेशर खाली येऊन राहिलंय आणि फोनवर कोणीतरी सांगून राहिलंय की टँकर अजून रस्त्यातच आहे.

मी स्टाफ नर्स आहे, १५ वर्षं झाली, त्यातली बरीचशी आयसीयूत. कुठल्या दवाखान्यात ते सांगत नाही, त्यानं काही फरक पडत नाही. मी स्वतः पूर्ण थेरपी घेतली आणि नंतर आमच्यातल्या चार-पाच जणांना हात धरून घेऊन गेली, त्या सगळ्यात जे शिकली ते इथे लिहिते. सिस्टर, ब्रदर, रेसिडेंट, इंटर्न, मावशी, वॉर्डबॉय, १०८ वरचे ड्रायव्हर दादा, मॉर्च्युरीत काम करणारे, आशाताई, सगळ्यांसाठी.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते कारण बाकीचं सगळं तिच्यावरच उभं आहे. कूलर बंद केला की मला लगेच बरं वाटायचं. आणि तेच बरं वाटणं माझा आजार पोसत होतं. आठवणीपासून जितकं पळाल तितकी ती ताजी राहते, म्हणून सुट्टी घेऊन, वॉर्ड बदलून, नोकरी सोडून हे जात नाही, शिकलेल्या माणसासोबत बसून, ठरलेल्या पद्धतीनं त्या आठवणीच्या जवळ जावं लागतं. थेरपी म्हणजे तेच.

थकवा आहे की पीटीएसडी

पीटीएसडी म्हणजे एखाद्या भयंकर घटनेनंतर मनाला लागलेला, आपोआप न जाणारा त्रास. आपल्याकडे सगळ्याला "स्ट्रेस आहे" म्हणून सोडून देतात. पण कामाचा थकवा असला की चार दिवस गावाला जाऊन आल्यावर थोडं तरी हलकं वाटते. पीटीएसडीत माझं उलटं व्हायचं, ड्युटीवर हात चालू असायचे तोवर ठीक, ऑफच्या दिवशी दुपारी सगळं अंगावर यायचं.

चार गोष्टी बघा. पहिली, ती घटना परत परत येते, स्वप्नात नाहीतर जागेपणी, आणि आठवल्यासारखी नाही तर आत्ता घडत असल्यासारखी येते. बर्न वॉर्डातली माझी एक मैत्रीण आहे, हिवाळ्यात शेजारी कोणी भरितासाठी गॅसवर वांगं भाजायला घेतलं की ती घरातून बाहेर पडायची, लोकांना वाटायचं हिला वास आवडत नसेल. दुसरी, टाळणं. एखादा बेड नंबर नको, एखादी लिफ्ट नको, नातेवाइकांना सांगायला दुसऱ्याला पाठवायचं, त्या रस्त्यानं जायचंच नाही. तिसरी, विचारच बदलून जातात, "माझ्यामुळेच गेला", "कोणावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही", पोटच्या पोराचा वाढदिवस असला तरी आत काहीच हलत नाही. चौथी, अंग सतत ताणलेलं. दचकणं, झोप नाही, चिडचिड, अँब्यू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) तपासून झाली तरी परत परत तपासणं. हे चारही प्रकार एका महिन्याहून जास्त टिकले आणि घर किंवा काम त्यात बिघडायला लागलं तर मग आता दाखवलंच पाहिजे असं समजा. महिन्याच्या आत असेल तर त्याला वेगळं नाव आहे, आणि बऱ्याच जणांचं तेवढ्यात आपोआप निवळतं सुद्धा.

आमच्या लोकांचा ठरलेला मुद्दा असतो, "माझ्यावर तर काही झालंच नाही, पेशंट गेला, तो तर रोज जातो." मी पण हेच म्हणायची. तर १९८० मधे पीटीएसडी पहिल्यांदा अमेरिकेच्या मनोविकारांच्या मॅन्युअलमधे आला तेव्हा डोळ्यांसमोर मुख्यतः युद्धावरून आलेले सैनिक होते, पण २०१३ च्या आवृत्तीत स्पष्टच लिहिलंय की दुसऱ्याचा मृत्यू समोर बघणं, आणि कामाचा भाग म्हणून भयंकर तपशील पुन्हा पुन्हा वाट्याला येणं, हे सुद्धा यात धरायचं. म्हणजे मॉर्च्युरीतल्या दादांचं सुद्धा, अपघातातली माणसं उचलणाऱ्या १०८ वाल्यांचं सुद्धा. नातेवाइकांनी मारहाण केली असेल तर ते तर धरायचंच. मारहाणीची तक्रार नक्की करा, महाराष्ट्रात २०१० पासून त्याचा वेगळा कायदा आहे, ३ वर्षांपर्यंत शिक्षा आणि ५० हजारांपर्यंत दंड, पण तक्रार झाली म्हणजे मन बरं झालं असं नाही, ती दोन वेगळी कामं आहेत.

आणि सगळंच पीटीएसडी नसतं, हे पण लक्षात घ्या. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्यात नवजात बाळांच्या युनिटला आग लागून १० बाळं गेली, भंडारा इथून ६०-६५ किलोमीटर, त्यानंतर एनआयसीयूतली माझी एक ओळखीची सिस्टर कितीतरी आठवडे बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरच्या प्लगला हात लावून बघायची की गरम तर नाही. ती तिथे नव्हती, तिनं बातमी पाहिली होती. तिला जे होतं ती चिंता होती, तिचा इलाज वेगळा आणि सोपा निघाला. म्हणून स्वतःच स्वतःला शिक्का मारू नका.

अंदाज घ्यायला एक प्रश्नावली आहे, पीसीएल-५, २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ मार्क, एकूण ८०. मागच्या महिन्याचा विचार करून भरायची. ३१ ते ३३ च्या वर गेलात तर शिकलेल्या माणसाला दाखवायची वेळ आली असं धरतात. हे निदान नाही, तुमची आमची भाषा करायची तर शुगर स्ट्रिपवर टेस्ट केल्यासारखं, पक्का रिपोर्ट नंतर. माझे ५२ आले होते आणि मी दोन दिवस तो कागद पर्समधे ठेवून फिरली.

घटना ताजी असेल तेव्हा

समजा काल रात्रीच काहीतरी झालंय, टेबलवर बाळंतीण गेली, कॅज्युअल्टीत राडा झाला. अशा वेळी सगळ्यांना गोल बसवून "प्रत्येकानं काय वाटलं ते सांगा" असं एक सेशन घ्यायची पद्धत बऱ्याच ठिकाणी होती, अजून आहे. हेतू चांगला असतो, पण त्यानं पीटीएसडी टळत नाही असं अभ्यासांमधे दिसलंय आणि ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१८ च्या गाइडलाइनमधे तर ते करूच नका असं आहे. बोलायचं नसलेल्याला बोलायला लावू नका, बस. त्याऐवजी त्याला काहीतरी खायला घाला, घरी एकट्याला गाडी चालवत पाठवू नका, दुसऱ्या दिवशी इन्चार्जनं स्वतः फोन करावा, पुढची नाइट जमत असेल तर बदलावी. तो आपणहून बोलला तर ऐका. "अगं एवढं काय, आपल्याला सवय पाहिजे" हे वाक्य तोंडातच ठेवा, मला ते पाच जणांनी ऐकवलं होतं आणि त्यानंतर मी दहा महिने कोणाजवळ बोलली नाही.

एक फार महत्त्वाचं. आपल्या हाताशी औषधं असतात. झोप येत नाही म्हणून अल्प्राझोलमची गोळी, क्लोनाझेपामची गोळी, मग रोज, मग दोन. या गोळ्यांनी पीटीएसडी टळत नाही आणि बरा होत नाही, झोप लागल्यासारखी वाटते पण सवय लागते आणि पुढे थेरपी घेताना आडवी येते. दारूचं पण तेच. तुमची सुरू झाली असेल तर लाजू नका, पण एकदम बंद पण करू नका, सायकियाट्रिस्टला सांगून हळूहळू कमी करा, अचानक सोडल्यानं फिट येऊ शकते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल.

नागपुरात कोणाकडे जायचं

सायकियाट्रिस्ट म्हणजे एमडी झालेले डॉक्टर, निदान करतात, औषध देतात, काही जण थेरपी पण करतात पण गर्दीच्या ओपीडीत तेवढा वेळ मिळणं कठीण. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे एमफिल वगैरे केलेले, आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची) नोंदणी असलेले, थेरपी मुख्यतः यांच्याकडे होते, गोळी लिहून देऊ शकत नाहीत. काउन्सेलर हा शब्द आपल्याकडे कोणीही लावतो, त्यात फार चांगले लोक पण आहेत, पण ट्रॉमाचं प्रशिक्षण आहे का हे विचारावंच लागतं.

सरकारीत मेडिकल आणि मेयो (दोन्ही मेडिकल कॉलेजचे दवाखाने), मिहानचं एम्स, तिन्हीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे, केस पेपरच्या पैशात काम होते. प्रादेशिक मनोरुग्णालय आहेच, १८६४ पासूनचं, आणि बाजूच्या चौकाला अजून लोक पागलखाना चौक म्हणतात, ऑटोवाल्याला पण तेच सांगावं लागते, त्या एका शब्दापायी किती जण तिथवर जाऊन परत फिरले असतील. खाजगीत धंतोली, रामदासपेठेत भरपूर आहेत.

आमच्या लोकांची खरी अडचण वेगळीच असते, "ओपीडीत मला ओळखीचं कोणी पाहिलं तर?" यावर साधा उपाय, आपल्या संस्थेत जाऊ नका. मेडिकलला असाल तर मेयोला जा, धंतोलीत असाल तर एम्सला जा, मेट्रोनं खापरीकडे जाणाऱ्या गर्दीत कोण कोणाला विचारते. आणि तुमची माहिती गुप्त ठेवणं हा तुमचा कायद्यानं दिलेला हक्क आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम २३ मधे तो लिहिलाय, तुमच्या परवानगीशिवाय डॉक्टर तुमच्या मेट्रनला किंवा डीनला काही सांगू शकत नाही, जिवाला धोका वगैरे असे मोजके अपवाद सोडले तर.

कुठेच जायची हिंमत होत नसेल तर टेलिमानस, नंबर १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, केंद्र सरकारचं, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येते. नाइट ड्युटीच्या ब्रेकमधे गच्चीवर जाऊन लावला तरी चालते. तिथे पूर्ण थेरपी होणार नाही पण पहिलं बोलणं होईल आणि पुढे कुठे जायचं ते सांगतील.

अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारून घ्या. तुम्ही ट्रॉमा-फोकस्ड थेरपी करता का? कुठली? साधारण किती सेशन लागतात, एक सेशन किती वेळाचं? त्या घटनेवर काम करणार की फक्त रिलॅक्सेशन? नर्सनं असे प्रश्न विचारायचे म्हणजे आगाऊपणा वाटतो, तो नाहीये, पेशंटचे नातेवाईक सर्जनला विचारतातच की. मी हे विचारलं नव्हतं. पहिल्या ठिकाणी सहा सेशन झाले, बाई फार प्रेमळ होत्या, प्रत्येक वेळी खोल श्वास आणि "चांगलं आठवा" एवढंच, मी दर वेळी थोडी शांत होऊन बाहेर पडायची आणि घरी येऊन कूलर बंद करायची. सहा सेशनात त्या रात्रीचा विषय आम्ही एकदाही काढला नाही, त्यांना वाटलं मला त्रास होईल, मला वाटलं बरं झालं सुटली.

आत नेमकं काय होतं

हे मी जरा सविस्तर सांगते, कारण लोक घाबरतात ते इथेच. ज्यांच्यामागे चांगला पुरावा आहे अशा तीन पद्धती तुम्हाला ऐकू येतील.

मी जी घेतली ती प्रोलाँग्ड एक्स्पोजर, पीई म्हणतात, एडना फोआ यांनी बसवलेली. ८ ते १५ सेशन, आठवड्याला एक, दीड तासापर्यंतचं. दुसऱ्या थेरपिस्टनं पहिल्याच दिवशी मला विचारलं, बेडसोरवर वरून कोरडं ड्रेसिंग करत राहिलं आणि आत पस तसाच राहिला तर काय होईल? मी म्हटलं वाढेल. ते म्हणाले, मग? मला त्याच क्षणी पटलं, आयुष्यभर मी जखमा उघडून साफ केल्यात, दुखतं म्हणून कोणाची सोडली नाही.

मग आम्ही यादी केली, मी काय काय टाळते त्याची, आणि प्रत्येकापुढे ० ते १०० मधे त्रास किती ते. बंद कूलरजवळ उभं राहणं २०. पंप चालू करून बाजूच्या खोलीत बसणं ४०. कूलरसमोर बसणं ६०. ह्युमिडिफायर बॉटलचा आवाज मोबाइलवर ऐकणं ७५. जुन्या आयसीयूच्या दारासमोर उभं राहणं ९५. खालून सुरुवात करायची, रोज करायचं, अर्धा पाऊण तास, आणि मुख्य म्हणजे मधेच उठायचं नाही, छाती धडधडेल, हात गार पडतील, बसायचं, कारण शरीराला हे कळायला पाहिजे की धडधड आपोआप उतरते, पळावं लागत नाही. तिसऱ्या दिवशी मी कूलरसमोर बसून ढसाढसा रडली आणि आईनं येऊन काही न विचारता बाजूला बसून तुरीच्या शेंगा सोलल्या. आठव्या दिवशी मला तिथेच झोप लागली.

दुसरा भाग आठवणीचा. डोळे मिटून ती रात्र पहिल्यापासून सांगायची, वर्तमानकाळात, "मी बेड नंबर ४ जवळ उभी आहे, काकांचं सॅच्युरेशन पडून राहिलं आहे" (काका म्हणजे त्या बेडवरचे पेशंट), वास, आवाज, अंगाला काय वाटते सगळं. संपलं की परत पहिल्यापासून. ते रेकॉर्ड होतं आणि घरी रोज ऐकायचं. पहिल्यांदा मी अर्ध्यावर थांबली. दुसऱ्यांदा पूर्ण केलं पण घाईघाईत, जिथे खरं दुखत होतं तिथून धावत गेली, ते थेरपिस्टला बरोबर कळलं आणि पुढच्या वेळी त्यांनी तिथेच थांबवलं, हळू सांगा म्हणाले. माझ्या डोक्यात वर्षभर असं चित्र होतं की काका माझ्याकडे बघून राहिले आणि मी पाठ फिरवून निघून गेली. पाचव्या वेळी सांगता सांगता मला आठवलं की मी निघून गेली नव्हती, बेड ६ ला डॉक्टरांनी ओरडून बोलावलं होतं, मी जाताना काकांच्या हाताला दाबून "आलीच" म्हटलं होतं, आणि मी परत आली होती, आणि शेवटी मीच होती त्यांच्याजवळ, हातानं बॅगिंग करत. एवढा मोठा तुकडा माझ्याच आठवणीतून गायब होता. आठवणीपासून पळत होती म्हणून तो मला कधी दिसलाच नाही.

हा आठवणीचा भाग घरी एकट्यानं यूट्यूब बघून करू नका. लहानसहान टाळणं स्वतः कमी करता येते, हे नाही.

दुसरी पद्धत सीपीटी, कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, पॅट्रिशिया रेसिक यांची, साधारण १२ सेशन. यात घटना बारकाईनं सांगायची सक्ती नसते, लिहिण्याचं काम जास्त असतं, आणि ज्या विचारात तुम्ही अडकून बसलात तो धरून उलटसुलट तपासतात. आमच्या ओळखीच्या एका रेसिडेंटनं ही घेतली. त्याचा विचार होता "मी दहा मिनिटं आधी इन्ट्यूबेट केलं असतं (श्वासनळीत नळी घातली असती) तर मुलगी वाचली असती." थेरपिस्टनं त्याला कागदावर दोन रकाने करायला लावले, त्या क्षणी तुला काय माहीत होतं, आणि काय तुला नंतर कळलं. एबीजीचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजन वगैरेच्या तपासणीचा, रिपोर्ट दुसऱ्या रकान्यात गेला. एक्स-रे दुसऱ्या रकान्यात. वर्षभर तो स्वतःला त्या रिपोर्टवरून दोष देऊन राहिला होता जो त्याच्या हातात तेव्हा नव्हताच. आमच्या पेशाचे असे ठरलेले विचार असतात, "चांगल्या सिस्टरचा पेशंट असा जात नाही", "मी रडली तर मी प्रोफेशनल नाही", ते लिहून न्या, वेळ वाचेल.

तिसरी ईएमडीआर, फ्रान्सिन शापिरो यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी सुरू केलेली. आठवण मनात धरायची आणि थेरपिस्टची बोटं हलतात तिकडे डोळे फिरवायचे, किंवा आळीपाळीनं टॅपिंग, थांबायचं, काय आलं ते थोडक्यात सांगायचं, परत. बघणाऱ्याला जादूटोण्यासारखं वाटते पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मधे ट्रॉमा-फोकस्ड सीबीटीच्या (घटनेबद्दलचे विचार आणि वागणं यांवर काम करणाऱ्या थेरपीच्या) बरोबरीनं हिची शिफारस केली आहे. ज्यांना ते तोंडानं सांगणं होतच नाही त्यांना ही जमते, आमच्या एका मावशींना हीच लागू पडली, त्या म्हणायच्या मला बोलता येत नाही बाई, इथे बोलावं लागत नाही.

कुठली चांगली यावर डोकं लावू नका. जी करणारा प्रशिक्षित माणूस तुम्हाला नागपुरात, तुमच्या ड्युटीत बसेल अशा वेळी भेटतो, ती घ्या.

आता एक अवघड गोष्ट. काही अपराधी वाटणं हे विचारातली चूक नसते. व्हेंटिलेटर एक, पेशंट दोन, कोणाला लावायचा हे कोणीतरी ठरवलं, आणि तुम्ही त्या खोलीत होता. किंवा खरंच चूक झाली. याला मॉरल इंज्युरी म्हणतात आणि "तुमची काही चूक नाही" असं गोड बोलून ती बरी होत नाही, उलट माणूस आणखी एकटा पडतो. मला थेरपिस्टनं काकांना पत्र लिहायला लावलं, काय झालं, मला काय करता आलं नाही, का, आणि मग काकांच्या बाजूनं मला उत्तर. ते उत्तर लिहायला मला तीन आठवडे लागले. तुमच्या थेरपिस्टला हे वेगळं आहे हे सांगा, त्याला वेगळा वेळ मागा. आणि पेशंटच्या घरच्यांना स्वतःहून फोन करून माफी मागायला जाऊ नका, त्यांचं दुःख त्यांच्या पद्धतीनं चालू असतं, त्यात आपलं ओझं नेऊन टाकायचं नाही.

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात माझी स्वप्नं वाढली होती. पुष्कळ जण इथेच सोडतात. सोडू नका, पण लपवू पण नका, थेरपिस्टला सांगा, वेग कमी करता येतो.

ड्युटी सांभाळून कसं बसवायचं

नाइट करून सकाळी सरळ सेशनला जाऊ नका, न झोपलेल्या डोक्याला यातलं काही लागत नाही. सेशन करून लगेच ड्युटीवर पण जाऊ नका. महिन्याचं रोस्टर लागलं की फोटो काढून थेरपिस्टला पाठवा आणि तारखा एकदम धरून घ्या. सेशननंतर तासभर मोकळा ठेवा, मी अंबाझरीला एक चक्कर मारायची, कोणाचा फोन घ्यायची नाही.

इन्चार्जला किती सांगायचं? मी एवढंच सांगितलं, माझे उपचार चालू आहेत, तीन महिने मंगळवारी दुपारची ड्युटी नको. आजाराचं नाव सांगायची गरज नाही. ज्या इन्चार्जवर भरवसा आहे त्यांना जास्त सांगितलं तर मदत होते, पण तो तुमचा निर्णय.

आयसीयू सोडून ओपीडीत बदली मागायची का, यावर माझं मत लोकांना कडक वाटते. हात थरथरत असतील, डोस चुकायला लागले असतील, तर आजच बाजूला व्हा, पेशंटचा जीव आहे. पण तसं नसेल तर कायमची बदली मागायच्या आधी थेरपी पूर्ण करा, नाहीतर ती बदली म्हणजे मोठा कूलर बंद केल्यासारखंच आहे.

ड्युटीवर असताना अचानक आलं तर दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवा, फ्रिजमधली गार सलाइनची बॉटल हातात धरा, तिच्यावरचं लेबल मोठ्यानं वाचा, बॅच नंबर, एक्सपायरी, आणि मग आजची तारीख. "मी २०२१ मधे नाही" हे डोक्याला सांगायचा हा पटकन उपाय. नाही उतरलं तर बाजूच्या सिस्टरला हँडओव्हर देऊन दहा मिनिटं बाहेर जा.

पैशाचं, २०१७ च्या कायद्यातच कलम २१ मधे आहे की विमा कंपनीनं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं. पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात, ओपीडीतल्या सेशनचं वेगळं विचारून घ्या.

औषधांबद्दल थोडक्यात. सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन ही यात वापरतात, थेरपीसोबत किंवा थेरपी मिळेपर्यंत, फरक पडायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनानं बंद करायची नाहीत. गोळी घेणं म्हणजे हरणं नाही, मी आठ महिने घेतली.

घरच्यांना एकच सांगा, प्रश्न कमी विचारा आणि माझ्यासाठी घरातल्या गोष्टी टाळू नका. आई सुरुवातीला माझ्या मायेनं स्वतःच कूलर बंद ठेवायला लागली होती, थेरपिस्टनं तिला बोलावून समजावलं.

आणि मरावंसं वाटत असेल, तर हे सगळं वाचणं बाजूला ठेवा. आपल्याला डोस माहीत असतात, म्हणून आपल्याला धोका जास्त. घरातली औषधं आत्ताच कोणाच्या तरी ताब्यात द्या, १४४१६ लावा, किंवा सरळ जवळच्या कॅज्युअल्टीत जा आणि तिथल्या ड्युटी डॉक्टरला तोंडानं सांगा. सोबत कोणाला तरी न्या. उद्याची ड्युटी कोण करेल याचा विचार तुम्ही करायचा नाही.

थेरपी संपत आली की शेवटच्या एक-दोन सेशनात पुढचा कागद तयार करून घ्या, नुसतं "आता बरं आहे" म्हणून येऊ नका. माझे पीसीएल-५ चे मार्क शेवटी १४ आले, दर तीन महिन्यांनी मी परत भरते, सलग दोनदा २५ च्या वर गेले तर फोन करायचा असं ठरलंय. कपाटाच्या दाराला आतून तो कागद लावलेला आहे. त्यावर वरच लिहिलंय की एप्रिलच्या दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यात त्रास वाढू शकतो, तेव्हा शक्यतो नाइट घ्यायची नाही, गोळी स्वतःच्या मनानं घ्यायची नाही, कूलर चालू ठेवायचा, आणि खाली थेरपिस्टचा नंबर.